मोकळ्या ओळी

लीमन टॉलिव्हरचं नाटक पहिल्यांदा हातात घेणाऱ्या नटाला वाटायचं, या माणसाला कागद फुकट मिळतो की काय. एक वाक्य, मग दोन ओळी मोकळ्या. पुढे तीन वाक्यं, मग पुन्हा मोकळं. त्या ओळी कुणाच्या, हे आम्हा सेंट लुईसच्या उत्तर भागातल्या काळ्या लोकांना सांगावं लागत नसे. त्या समोर बसलेल्यांच्या होत्या.

आमचं थिएटर म्हणजे चर्चचं तळघर. घडीच्या खुर्च्या, एका बाजूला स्वयंपाकघर, मागे बॉयलर. वर रविवारी पाद्री बोलायचा तेव्हा लोक जशी साथ द्यायचे, तशीच खाली शनिवारी नाटकाला द्यायचे. मी नाटकातल्या नवऱ्याला फैलावर घेतलं की बायका म्हणायच्या, "सोडू नकोस त्याला, व्हर्लीन." रडं आवरेना, शब्द अडकला, की पहिल्या रांगेतून मदर प्रूइट, चर्चमधल्या मानाच्या बाई, म्हणायच्या, "सावकाश, लेकी, सावकाश." त्यांचं ते 'सावकाश' आलं की सगळं तळघर मागोमाग तेच म्हणायचं आणि माझा घसा मोकळा व्हायचा. लीमन हे सगळं आधीच ऐकून लिहायचा. कुठे किती थांबायचं हे त्याला कसं कळायचं, देव जाणे.

तो स्वतः मात्र बॉयलरपाशी शेवटच्या खुर्चीत तोंड मिटून बसायचा. एकदा मी म्हटलं, "सगळे बोलतात, तू का नाही बोलत?"

"लिहिणाऱ्याने स्वतःच स्वतःला उत्तर द्यायचं नसतं," तो म्हणाला. "वेड लागल्यासारखं दिसतं."

मग त्याला कॅलिफोर्नियातून बोलावणं आलं. आमच्यासारख्या घरावर टीव्ही मालिका काढत होते आणि आमच्यातला एक लेखक हवा होता. एकच. आम्ही त्याला मासे तळून, स्पॅगेटी करून निरोप दिला. त्याची आई सगळ्यांना सांगत फिरत होती की लीमन आता अख्ख्या देशासाठी लिहिणार.

त्याचा पहिला भाग पाहायला आम्ही सगळे तिच्या घरी दाटीवाटीनं बसलो. मालिकेतली आई मुलाच्या शर्टाला इस्त्री करत असते. मुलगा सैन्यात चाललाय. ती म्हणते, "आता बसमध्ये चढला असेल." आणि थांबते. आम्ही ओळखलं, ही लीमनची जागा. मदर प्रूइटनी तोंड उघडलं, तेवढ्यात त्या डब्यातून हशा आला. खो खो हसत होती माणसं, आणि तिथे माणसं नव्हतीच. मशीन होतं ते.

"यात हसण्यासारखं काय आहे?" मदर प्रूइट म्हणाल्या. लीमनच्या आईने उठून केक कापला.

त्या रात्री त्याचा फोन आला. "पाहिलंस?"

"पाहिलं. हसलं कोण ते?"

"एक माणूस आहे. बटणं दाबतो. मी त्याच्याशी भांडलो. तो म्हणाला, इथे भोक पडलं होतं, मी बुजवलं."

नंतर तो भांडेनासा झाला. एका लांबट टेबलाभोवती सहा गोरे आणि हा बसायचे. ते मालिकेतल्या आईच्या तोंडी विनोद घालायचे, तिच्या जाडीवर, तिच्या खाण्यावर, आणि मग याच्याकडे बघायचे. "तुमच्याकडे असंच बोलतात ना, लीमन?" नाही म्हटलं तर खोलीत थंडी पसरायची. हो म्हटलं तर रात्री झोप यायची नाही. त्याने मधला मार्ग काढला. जागाच सोडायची नाही. वाक्याला वाक्य असं चिकटवायचं की मशीनला हसायला फटच सापडू नये. मशीनला फट सापडायची ती सापडायचीच. याचा हात मात्र तसा वळून गेला.

त्यात तो चढतही गेला, हे सांगायला हवं. तीन मालिका केल्या, शेवटची तर त्याच्याच नावाने चालायची. डोंगराच्या कुशीत घर घेतलं, मागे पोहायचा तलाव. पोहता कुणाला येत होतं? फोटो पाठवला त्यातही बूट घालून काठावर बसला होता. लग्न केलं नाही. रविवारी चर्चच्या स्वयंपाकघरातला फोन वाजायचा. मी उचलला की म्हणायचा, "बोलू नकोस, फोन तसाच ठेव." मी रिसीव्हर ओट्यावर काढून ठेवायची आणि वरचं गाणं, वरची ओरड, पायांचे ठोके, सगळं जिन्यातून खाली येऊन त्या तारेत शिरायचं. मी कोंबडी तळत असायची. प्रार्थना संपली की रिसीव्हर कानाला लावायची. तो अजून तिथेच असायचा. नुसता श्वास ऐकू यायचा. मला भयंकर राग यायचा. विमानात बसून का येत नाही हा बाबा, असं वाटायचं.

त्याची आई गेली तेव्हा चित्रीकरण सुरू होतं. तो दफनाला पोचला आणि जेवणाआधीच परत निघाला. त्याचं ताट आम्ही चांदीच्या कागदात झाकून ठेवलं होतं. संध्याकाळी मीच ते उघडून खाल्लं, कारण अन्न टाकवत नाही.

पुढे मालिकाही संपली. स्टुडिओतल्या नव्या पोरांना नवा माणूस हवा होता. कामाचे फोन यायचे थांबले आणि लीमन परत आला, पांढऱ्या दाढीचा, एक नाटक घेऊन. आईवरचं. आई मीच करायची, हे त्याने परस्पर ठरवूनही टाकलं होतं.

"व्हर्लीन," तो मला म्हणाला, "इतकी वर्षं मशीन ऐकलं. मला एकदा आपली माणसं ऐकायचीत. एकदा 'सावकाश' ऐकलं, की मी मोकळा."

मी कागद उलटले. गच्च भरलेले. वरपासून खालपर्यंत श्वास घ्यायला जागा नाही.

"अरे, मोकळ्या ओळी कुठायत?"

"कुठल्या?"

मला वाटलं चेष्टा करतोय. करत नव्हता. तालमीत तो हातात घड्याळ घेऊन उभा राहायचा. मी जरा थांबले की बोटं वाजवायचा. "पळव, पळव. वेग पडू देऊ नकोस. तिकडे क्षणभर गप्प बसलं की माणूस बटण फिरवून चॅनेल बदलतो."

"इथे कोण बदलणार? आणि काय फिरवून, मदर प्रूइटचा कान?"

बाकीचे नट हसले. तो हसला नाही. "नाटक माझं आहे, व्हर्लीन."

होतं बाबा, त्याचंच होतं. मी घड्याळाप्रमाणे पाठ केलं.

प्रयोगाला तळघर भरलं. मदर प्रूइटना दोघांनी धरून आणलं, पांढऱ्या टोपीसकट, पहिल्या रांगेत. डोळे गेले होते, कान शाबूत. लीमन मागे बॉयलरपाशी. पहिल्याच प्रवेशात मी म्हटलं, "पोरगा म्हणाला, रविवारी फोन करीन." आणि लोकांनी श्वास घेतलेला मी ऐकला. पन्नास तोंडं उघडत होती. पण माझं पुढचं वाक्य निघालंही होतं. तोंडं मिटली. पुढच्या वेळी थोडीच उघडली. मदर प्रूइट "साव—" म्हणाल्या आणि समोरच्या नटाने, शिकवलं होतं तसं, त्यांच्यावरून आपलं वाक्य दामटलं. म्हातारीने पर्स मांडीवर ओढून घेतली आणि दोन्ही हात तिच्यावर ठेवले. नंतर सगळे शहाण्यासारखे गप्प बसले. त्या तळघरात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. बॉयलरची धुसफूस तेवढी येत होती.

शेवटी आई एकटी टेबलापाशी असते. मुलाशी बोलते, जो तिथे नाही. "रागावले नाही रे मी. ताट झाकून ठेवलंय. गार झालं असेल." यानंतर लगेच दिवा विझायचा होता. मी दिव्यावरच्या माणसाकडे डोळे वटारून पाहिलं आणि हात टेबलावर ठेवून उभी राहिले. गेलं चुलीत घड्याळ. मी जुन्यासारखी थांबले.

कुणी बोललं नाही. मी थांबलेच. ते ताट कुठलं हे मला ठाऊक होतं. बोला रे, मी मनात म्हणत होते, एक जण तरी बोला. त्यांना वाटत होतं आता बोलायचं नसतं. दोन तास आम्हीच त्यांना तेच शिकवलं होतं.

मग पार मागून, बॉयलरकडून, एक घोगरा आवाज आला. "सावकाश, बाई. सावकाश."

त्याच्यामागे कुणीही म्हटलं नाही. दिवा विझला.

टाळ्या भरपूर झाल्या. खुर्च्या घडी करून भिंतीला लावल्या, तळलेले मासे बाहेर आले. लोक लीमनचा हात हातात घेत होते. "फार छान झालं, अगदी टीव्हीसारखं," असं एकीने म्हटलं, मग दुसरीने, मग सगळ्यांनीच. तो "आभारी आहे" म्हणत होता. मी त्याला मदर प्रूइटपाशी आणून बसवलं.

त्यांनी चाचपून त्याचा हात धरला. "छान लिहिलंस पोरा. तुझ्या आईला आवडलं असतं."

"मदर, तुम्ही बोलला नाहीत."

"तू कुठे बोलू दिलंस? मला वाटलं, मोठा झालाय, आता लागत नसेल आपली साथ." त्यांनी मान मागे वळवली. "पण शेवटी मागून कोणीतरी बोललं, ऐकलंस? एकटंच बिचारं. मी कान लावून पाहिलं, ओळखू आला नाही. कोण होतं रे ते?"

लीमनने माझ्याकडे पाहिलं. मी ताट वाढत होते, वाढत राहिले.

"माहीत नाही, मदर," तो म्हणाला. "बाहेरगावचा असेल कोणी."

"मग त्याला जेवल्याशिवाय सोडू नका," मदर प्रूइट म्हणाल्या.