एकाच ताटात आठ हात

मी एक जुना संगणक आहे. सध्या माझा मुक्काम नदी-कार्यालयाच्या अडगळीच्या खोलीत, एका मोडक्या पंख्याशेजारी. मित्रांनो, माझ्या अंगावरची धूळ बघून नाक मुरडू नका. एके काळी नदीचं पाणी कुठवर चढणार हे मी सांगायचो, आणि त्यावर माणसं घरं सोडायची.

माझ्या प्रोसेसरमध्ये आठ कोअर आहेत. कोअर म्हणजे हिशेब करणारा हात समजा. मला आणलं त्या दिवशी साहेब सगळ्यांना सांगत फिरले, "आठ हातांचा गडी आणलाय." मीही फुगलो. पण प्रोग्राम जुना, एकाच हाताने चालणारा. बाकीचे सात हात नुसते बसून असायचे.

मग गणितबाई आल्या. ऑफिसात सगळे त्यांना याच नावाने ओळखत. त्यांनी प्रोग्राम नव्याने लिहिला, नदीचे आठ तुकडे केले आणि एकेक तुकडा एकेका हाताला दिला. बाई भारी टापटिपीच्या. त्यांच्या टेबलावर पेन्सिलीसुद्धा उंचीप्रमाणे लावलेल्या असत. आठ हातांच्या आठ बेरजाही त्यांनी माझ्या मेमरीत तशाच एका ओळीत, एकमेकींना चिकटून मांडल्या. तेव्हा नदी आटलेली होती आणि कोणाला घाई नव्हती. मी किती वेळ घेतो, हे कोणी पाहिलंच नाही.

पावसाळ्यात एका सकाळी वरच्या धरणाचे दरवाजे उघडले. संध्याकाळपर्यंत पाणी खालच्या वस्तीपाशी पोचणार होतं. ते बांधाच्या आत राहील की बांधावरून जाईल, हे मला दुपारपर्यंत सांगायचं होतं. माझे आठही हात कामाला लागले, पण काम मुंगीच्या पावलांनी सरकत होतं. तेवढ्यात गणितबाईंच्या धाकट्या बहिणीचा फोन आला. तिचं घर त्याच वस्तीत, बांधाच्या कडेला.

"ताई, निघू का थांबू? मामंजींना ऑक्सिजन लावलाय. उगाच हलवू नका म्हणालेत डॉक्टर."

"जरा थांब. आकडा येऊ दे."

साहेबांनी पडद्यावर पाहिलं. आठही हात पूर्ण भरात चाललेले दिसत होते. "सगळे तर राबताहेत, मग घोडं कुठं अडलंय? आठाचे सोळा तुकडे करा."

बाईंनी केले. मी आणखीच रखडलो. साहेबांनी वैतागून माझ्या पाठीत एक थप्पड घातली. "हे यंत्रच कुचकामी आहे." फार लागलं मला ते. दोष कुठे आहे ते मला माहीत होतं, पण यंत्राला विचारल्याशिवाय बोलता येत नाही.

"काम थांबवते," बाई म्हणाल्या. "एकेका हाताची परीक्षा घ्यायचीय."

"पुन्हा थांबवायचं? झालं तेवढंही पाण्यात जाईल."

"या गतीने उद्या उत्तर येईल, साहेब. उद्या ते काय करायचंय?"

बाईंनी काम थांबवलं. मग एक छोटा तुकडा फक्त एका हाताला दिला. तो मी झपाझप संपवला. तोच तुकडा दोन हातांत वाटला, तर दुप्पट वेळ लागला. बाई खुर्चीत ताठ झाल्या. त्यांनी मला नेमकं विचारलं होतं.

"हे एकमेकांच्या आड येताहेत."

"कसे येतील? प्रत्येकाची बेरीज वेगळी आहे ना?"

"वेगळी आहे, पण शेजारी शेजारी आहे. मीच मांडलीय तशी."

मित्रांनो, माझा हात कधी एकच आकडा उचलत नाही. त्याच्या शेजारचे आकडेही सोबत येतात, जणू एका ताटात वाढलेले. एकाने आपल्या आकड्यात काही लिहिलं की बाकीच्यांकडचं ताट शिळं होतं, आणि त्यांना ते नव्याने मागवावं लागतं. आठ जण सकाळपासून एकच ताट एकमेकांकडून ओढत होते. राबत सगळेच होते, पण घास कोणाच्याच तोंडात जात नव्हता.

बाईंनी प्रोग्राम बदलला. प्रत्येकाने आपली बेरीज स्वतःजवळ ठेवायची आणि अगदी शेवटी एकदाच ओळीत आणून मांडायची. फोन पुन्हा वाजत होता. त्यांनी तो न उचलता मला सुरू केलं. त्या दुपारी मी जो धावलो, तसा जन्मात धावलो नव्हतो. माझे पंखे घोंगावत होते आणि साहेब माझ्यापुढे हात जोडल्यासारखे उभे होते.

आकडा आला. पाणी बांधावरून जाणार होतं.

"निघ," बाई फोनवर म्हणाल्या. "आत्ता निघ."

"आणि मामंजी?"

"त्यांना घेऊनच निघ."

दिवस मावळताना त्या घरात खिडकीपर्यंत पाणी होतं. आत कोणी नव्हतं.

पुढे नवा संगणक आला आणि मी इथे आलो. एकदा बहीण मामंजींना चाकाच्या खुर्चीतून घेऊन आली. बाईंकडून त्या दिवसाची सगळी हकीकत ऐकून त्यांनी हट्टाने मला पाहायला मागितलं. माझ्यावर हात ठेवून ते साहेबांना म्हणाले, "यालाच मारलं होतंत का तुम्ही?"

मित्रांनो, चौघांत रखडणाऱ्याला कुचकामी म्हणण्याआधी त्याला एकदा एकट्याने काम करू द्या. मग कोण कोणाच्या आड येतंय, ते आपोआप दिसेल. आणि इकडे आलात तर माझ्यावरून एक फडकं फिरवा. फक्त वरच्या बाजूला, धुळीत एका म्हाताऱ्या हाताचा ठसा आहे. तेवढी जागा सोडून पुसा.