रेडिओवरचा ताळेबंद

कॅनडातल्या त्या आदिवासी वस्तीचा ताळेबंद रेडिओवर क्री या तिथल्या भाषेत वाचायचा ही कल्पना वस्तीप्रमुखाची, चीफ आल्फियसची, पण जीभ वळवायची होती त्याच्या मावशीला, युलालीला. तपासलेले हिशेब दर वर्षी इंग्रजीत इंटरनेटवर चढायचे. टोरोंटोतल्या कुणालाही आल्फियसचा पगार घरबसल्या कळायचा. वापोस नदीकाठच्या या वस्तीतल्या, इंग्रजी न येणाऱ्या म्हाताऱ्यांनाच काय तो पत्ता नसायचा. शेवटी सभेत सेलेस्टिन आजी कडाडली, "आमच्या चुलीवर काय शिजतंय, ते परक्यांनी आम्हाला सांगायचं होय?" आल्फियसने दुसऱ्याच दिवशी मावशीचं दार ठोठावलं.

युलालीने उभी हयात दवाखान्यात दुभाषीण म्हणून काढली होती. डॉक्टरांचे अवघड शब्द तिने सोपे केले होते. 'घसारा' मात्र तिला दाद देईना. शेवटी दुकानामागच्या, वस्तीच्या रेडिओ केंद्राच्या खोलीत, माइकसमोर बसल्यावर तिला वाट सापडली.

"बर्फ काढायचं यंत्र दर वर्षी थोडं थोडं थकतं," ती म्हणाली, "माझ्या गुडघ्यांसारखं. त्या थकण्याचीही किंमत इथं मांडली आहे."

लगेच फोन वाजला. "युलाली, तुझ्या गुडघ्यांचे किती लावलेत?"

"ते भंगारात काढलेत रे, अ‍ॅम्ब्रोज. पुढे ऐक."

मग चीफचा पगार आला. आल्फियस शेजारीच बसला होता. आकडा ऐकताना त्याचे कान लाल झाले. पुन्हा फोनवर अ‍ॅम्ब्रोजच. "एवढं कमावतोस आणि माझ्याकडे पेट्रोल उसनं मागतोस?"

"देतो ना काका! शुक्रवारी नक्की देतो."

युलालीला आता मजा येऊ लागली होती. पुढचं पान म्हाताऱ्यांच्या सरपणाचं. ते वाचताना तिचा आवाज आपोआप चढला, कारण कंत्राटदार म्हणून नाव होतं क्लोव्हिसचं, तिच्या धाकट्या मुलाचं. "चाळीस हजार डॉलर. काम पूर्ण. पैसे चुकते," ती ऐटीत म्हणाली.

फोन वाजला. सेलेस्टिन आजी होती.

"युलाली, रागावू नकोस बाई. नाताळानंतर माझ्याकडे एक ढलपी आलेली नाही. मी जुनी कपाटं फोडून जाळतेय."

मग पुलापलीकडच्या दोन घरांतून फोन आले. तिथेही तेच. आल्फियस हळूच म्हणाला, "मावशी, एखादं गाणं लावू का?"

"गाणं नको," ती म्हणाली. तिने माइक जवळ ओढला. "क्लोव्हिस, ऐकत असशील तर इकडे ये. रागवायला नाही बोलावत. ये." आणि ती शाळेच्या खर्चाचं पान वाचू लागली. कागद तिने टेबलावर दाबून धरला.

पान संपत आलं तेव्हा दार उघडलं. क्लोव्हिस बुटांवरचा बर्फही न झटकता आत आला. चाळिशीचा दांडगा गडी, पण आईसमोर शाळेतून हाकललेल्या पोरासारखा उभा राहिला.

"बस. आणि मला नको सांगूस, त्यांना सांग," तिने माइककडे बोट केलं.

"लाकूड तोडलंय," तो म्हणाला. "सगळं तोडलंय. लांबच्या तळ्याच्या काठावर रचून ठेवलंय. पण ट्रकचा गिअरबॉक्स गेला. उरलेले पैसे त्यात गेले, तरी तो चालू झाला नाही. आज करू, उद्या करू म्हणत राहिलो. तोंड दाखवायची लाज वाटायला लागली."

"मग कागदावर 'काम पूर्ण' कसं?" युलालीने विचारलं.

आल्फियसने घसा खाकरला. "सही माझी आहे. मावसभाऊ म्हणून डोळे मिटून केली. ती चूक माझी."

मग फोन.

"अरे गाढवा," सेलेस्टिन आजी म्हणाली, "गाडी मोडली हे सांगायला लाज? माझ्या नवऱ्याच्या तर तीन गाड्या तळ्यात बुडाल्या होत्या!"

तिच्यामागोमाग अ‍ॅम्ब्रोजने आपली बर्फावर चालणारी स्नोमोबिल आणि तिच्यामागे ओढायची घसरगाडी देऊ केली. चीफने वस्तीच्या मंडळाचा ट्रॅक्टर द्यायचं कबूल केलं. त्याचं भाडं मात्र क्लोव्हिसकडून वसूल करायचं, असं तिथल्या तिथे, सगळ्यांच्या कानांवर ठरलं. क्लोव्हिसने मान डोलावली. "मान रेडिओवर दिसत नाही," आई म्हणाली. मग तो मोठ्याने "हो" म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी युलालीही मुलाबरोबर निघाली. त्याने नको नको म्हटलं, तरी घसरगाडीवर घोंगडी पांघरून बसलीच. तळ्यावर बर्फाखाली लाकडं खरोखरच होती, छान चिरलेली, नीट रचलेली. तिने एक ढलपी उचलून हुंगली.

"चांगलं वाळलंय," ती म्हणाली.

क्लोव्हिस पाठ वळवून दोर आवळत होता. "आई, माझं नाव तू गाळून टाकशील असं वाटलं होतं मला."

"मी तर मिरवायला वाचलं होतं रे," युलाली म्हणाली.

पहिली खेप सेलेस्टिन आजीकडे गेली. आजीने लाकडं दोनदा रचायला लावली, क्लोव्हिसला मनसोक्त शिव्या घातल्या, आणि मग दोघांना आत ओढून मूस या मोठ्या हरणाच्या मांसाचं गरम सूप आणि तव्यावरची जाड बॅनक भाकरी वाढली.