शापाचा लाल पंजा

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावर महाराज, पुढ्यात पिवळं कापड आणि घंगाळात मंतरलेलं पाणी. मूल नसलेल्या बाईने त्यात हात बुडवून कापडावर ठेवायचा. कूस शापित असेल तर पंजा लाल उमटणार! मग महाराज तीर्थ शिंपडून लाली घालवणार, अर्थात रोख घेऊन.

आता पाळी होती लाँड्रीवालीच्या सुनेची. सासूनेच तिला ओढत आणलं होतं. पंजा लाल उठला तर हिला माहेरी धाडायचं आणि मुलाचं दुसरं लग्न लावायचं, हे घरी ठरलं होतं. नवरा मान खाली घालून बसला होता.

सुनेने हात बुडवला. पाणी बुळबुळीत लागलं. ही बुळबुळ तिच्या रोजच्या ओळखीची होती.

पंजा लालभडक उमटला.

"सात पिढ्यांचा शाप!" महाराज गरजले. "डॉक्टरची औषधं बंद!"

"शाप कसला?" सून कडाडली. "बाईच्या बीजांडांचा साठा जन्मतःच ठरलेला असतो. माझा लवकर आटतोय. जनुकातल्या बदलामुळे, तपासणीत निघालंय. तो बदल माझ्या बाबांकडून आलाय. त्यांना तर चांगल्या दोन मुली झाल्या!"

"पाखंडी!"

"असेन. आई, आता तुम्ही हात ठेवा."

"मी? मला चार मुलं आहेत!"

"म्हणूनच. तुमचा लाल व्हायचा नाही."

सासू तोऱ्यात पुढे झाली. महाराज घंगाळ मागे ओढायला लागले, तोवर तिने हात बुडवलासुद्धा. तिचा पंजा सुनेपेक्षा लाल उठला. कुणीतरी फिस्सकन हसलं. सासूने बोटं चोळून पाहिली.

"अगं बाई, हा तर धुण्याचा सोडा! आणि कापडाला हळद!" हळदीचा डाग साबणाने लाल होतो, हे जन्मभर पाहिलेली ही बाई भक्तीच्या भरात विसरली होती. "म्हणजे लाली घालवणारं तीर्थ लिंबाचं! मेल्या, माझाच धंदा मला शिकवतोस?"

महाराज चपला शोधू लागले.

रस्त्यात सासू पुटपुटली, "मग नातवंडाचं काय?"

"होईल किंवा नाही होणार. डॉक्टरांशी बोलून आम्ही दोघं ठरवू. पण घर मी सोडणार नाही. आणि उद्या धाकट्या बहिणीला तपासायला नेतेय. हा बदल एक्स गुणसूत्रावरचा; बाबांचं ते एकुलतं गुणसूत्र प्रत्येक मुलीला जातंच, म्हणजे तिच्यातही तो असणार. तिला तरी वेळेत कळू दे."

नवऱ्याने पहिल्यांदाच मान वर केली. "मीही येतो," तो म्हणाला.

सासूने दुकानाची किल्ली कमरेला खोचली. मग म्हणाली, "दुकान मी बघते. जा तुम्ही."

मंडळी, लाँड्रीत डाग कशाचा ते आधी बघतात, मगच धुतात. बाईच्या माथी डाग मारण्याआधी तेवढं तरी करा.