सॅम्पल फ्लॅटमध्ये कोण राहतं?

"काका, तुम्ही या पलंगावर एकदा झोपून बघता का?"

विचारलं बाई एकदाचं! शुक्रवारी मधल्या सुट्टीत वैष्णवीने पैज लावली होती. "दम असेल तर रविवारी एखाद्या कस्टमरला विचारून दाखव. एक ग्लास आंबा मस्तानी माझ्याकडून." सगळा घोळका "विचार, विचार" म्हणून ओरडला आणि मी म्हणून बसले, "त्यात काय!" नववीपर्यंत मी वर्गात तोंड उघडत नव्हते. यंदा दहावीत वक्तृत्व स्पर्धेत पहिली आले आणि तेव्हापासून मला कशालाही 'त्यात काय' म्हणायची सवय लागलीय.

काका म्हणजे तसा काकाही नव्हता. तिशीतला असेल. रविवारीसुद्धा गळ्यात कंपनीचं कार्ड. बायको त्याला "अभिनव, हे बघ ना" करत होती म्हणून नाव कळलं. तो माझ्याकडे बघून हसला, "व्हाय नॉट?" म्हणाला, बूट काढले आणि सरळ आडवा झाला. माझ्या पलंगावर. माझ्या! रोज रात्री मी जिथे तोंड खुपसून झोपते, तिथे त्याचं तेल लावलेलं डोकं. आणि पलीकडच्या टोकाला घोट्यापासून पुढचे दोन्ही पाय हवेत. उजव्या मोज्यातून अंगठा बाहेर आलेला. शी!

"अरे, हा तर लहान मुलांचा पलंग आहे," त्याची बायको म्हणाली.

नाही बाई, लहान मुलांचा नाही. तो साडेपाच फुटांचा डबल बेड आहे. साइनाथशेठनी सुतार समोर बसवून मुद्दाम करून घेतलाय. पलंग छोटा केला की खोली मोठी दिसते. सोफा तसाच, बसलं की गुडघे हनुवटीला लागतात. कपाट इतकं उथळ की हँगर तिरका लावावा लागतो. पुस्तकांच्या फळीवर नुसते पुठ्ठ्याचे कणे, टीव्ही पुठ्ठ्याचा, टेबलावरची सफरचंदं प्लॅस्टिकची. आतल्या खोलीला दार नाही, कारण दार असलं की जागा खाते. भिंतीवर एक गोरं जोडपं हसतंय. ते फ्रेमबरोबरच आलं होतं. माझ्या आजी-आजोबांचा फोटो मात्र कपाटात, उलटा.

हा वारज्यातला सॅम्पल फ्लॅट. आणि आम्ही त्यात राहतो. राहतो म्हणजे, कुणाही कस्टमरला कळू न देता राहतो.

माझे बाबा दत्तप्रसाद, साइनाथशेठकडे फ्लॅट विकायला आहेत. वाशीमहून आलो तेव्हा पुण्यात भाड्याची खोली परवडेना. शेठ म्हणाले, "सॅम्पल फ्लॅट मोकळाच आसतो राती. ऱ्हावा की. सामानावर लक्ष पण ऱ्हाईल. बिल्डिंग विकली की तळमजल्याची वन रूम किचन तुमचीच हाय, स्वस्तात लावू." त्या एका वाक्यावर आम्ही आजपर्यंत श्वास धरून बसलोय. आईने तर ठरवूनही ठेवलंय, कुठल्या भिंतीला देवघर आणि कुठे माठ.

तोपर्यंत शेठचे नियम. नवीन फ्लॅटला माणसाचा वास यायला नको. म्हणून शनिवार-रविवार फोडणी नाही, लसूण नाही, मासे तर स्वप्नातसुद्धा नाहीत. दोरीवर ओले कपडे नाहीत, न्हाणीघरात दात घासायचे ब्रश नाहीत, चप्पल पिशवीत. देव स्टीलच्या डब्यात, कारण शोभेचा संगमरवरी गणपती दिलाय ना, मग तुमचा कशाला? सकाळी दहाच्या आत घरातली सगळी माणसं गायब आणि संध्याकाळी दिवे लागल्यावर हजर. मी वैष्णवीकडे जायचे. आई म्हणायची, "मी बसते कुठे तरी देवळात." मी कधी विचारलं नाही कुठल्या देवळात.

आणि कस्टमर! हिंजवडीत नोकरी लागली, बायपासवरून पटकन पोचता येतं, की निघाले वारजे बघायला. माझं कपाट उघडणार. माझ्या उशीवर पर्स टेकवणार. पोरं पलंगावर बुटासकट नाचणार. एकदा एका आजोबांनी आमचा संडास वापरला आणि पाणीसुद्धा टाकलं नाही. आईने काही न बोलता ब्रश घेतला. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. वर बाबा त्यांना एरिया समजावून सांगणार, म्हणजे जिना, लिफ्ट, भिंतीची जाडी, सगळं धरून. लोक भिंतीच्या जाडीचे पैसे भरतात आणि वर थँक्यू म्हणतात. मला दोघांचीही किळस येते, विकणाऱ्यांचीही आणि घेणाऱ्यांचीही.

तर, अभिनव पलंगावर आडवा आणि बाबा टायची गाठ धरून उभे. आधी चेहरा पांढरा पडला. मग त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी कोण हे आठवतच नाहीये.

"कोण हो ही गोड मुलगी?" बायकोने विचारलं. "इथेच राहते का?"

"छे छे, इथे कोण राहणार!" बाबा हसले. ते त्यांचं कस्टमरसाठीचं हसू. "आमच्या सफाईच्या बाईंची मुलगी. शाळेला सुट्टी असली की येते मागे मागे. जा गं, खाली खेळ जा."

मला आधी हसूच आलं. म्हटलं, काय थाप मारली बाबांनी! कुठल्या सफाईच्या बाई? इथे सफाईला कुणी येतच नाही.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून माझी आई बाहेर आली. पदर खोचलेला, हातात ओलं फडकं. गळ्यातलं मंगळसूत्र ब्लाउजच्या आत टाकलेलं.

"चुकलं तिचं साहेब," ती बाबांना म्हणाली.

साहेब!

माझी आई माझ्या बाबांना साहेब म्हणाली, आणि त्या दोघांपैकी एकालाही ते जड गेलं नाही. अडखळले असते, तर मला वाटलं असतं आज पहिल्यांदाच घडतंय. पण दोघं अगदी सहज बोलले, पाठ केलेल्या नाटकासारखं.

अभिनवची बायको खूश. "मावशी, फरशी काय चमकवलीय हो! आम्ही राहायला आलो की आमच्याकडे कराल का? धुणं, भांडी, केर?"

"करीन की ताई," आई म्हणाली. "का नाही?"

मला वाटलं होतं, पलंगाचं खोटं बाहेर आलं की ते दोघं चिडतील, निघून जातील, निदान ओरडतील तरी. तर कसलं काय! अभिनवने बूट चढवले आणि म्हणाला, "चालायचंच हो. मार्केटिंग आहे. माझ्या मित्राने जो सॅम्पल बघितला, तिथे तर डायनिंग टेबलवर दोन ताटंसुद्धा मावत नव्हती. आपण असं करू, पार्किंग फ्री करून टाका, आत्ता चेक देतो." बाबांनी शेठना फोन लावला. झालं. सगळ्यांना सगळं माहीत असतं. मी एकटीच मूर्ख, मस्तानीसाठी आलेली.

मी जिन्याने धडाधड खाली आले. वाळूच्या ढिगावर वैष्णवी वाट बघत बसली होती.

"विचारलंस?"

"विचारलं."

"आई गं! मग? झोपला?"

"झोपला."

ती टाळ्या पिटून हसायला लागली आणि मग माझं तोंड बघून थांबली. "काय झालं गं? बाबांनी मारलं?"

"तुझ्या आजीची मागची खोली रिकामी आहे ना?" मी विचारलं.

वैष्णवी वारज्याच्या जुन्या गावातली. आमची बिल्डिंग उभी आहे ती जमीन पूर्वी त्यांच्याच भावकीची. आम्ही पोचलो तेव्हा तिची आजी तुळजाबाई ओसरीवर पाय सोडून शेंगा सोलत होती. मागे ओळीने पत्र्याच्या चार खोल्या. रिकामी खोली बघितली. बघण्यासारखं काही नव्हतं. एक खिडकी, एक बल्ब, कोपऱ्यात मोरी, भिंतीवर आधीच्या भाडेकरूच्या तेलाचे डाग. वास कसला तर रॉकेलचा आणि कोंबड्यांचा. मला वाटलं होतं बघताक्षणी आवडेल. नाही आवडली. खरं सांगायचं तर, ई झालं.

"पानी सकाळचं तासभर," तुळजाबाई सांगायला लागल्या. "संडास चौघांत एक, धुवायची पाळी लावलीय, चुकवायची न्हाई. कुत्रं पाळायचं न्हाई. राती लई वरडून भांडायचं न्हाई, भांडायचंच आसंल तर हळू भांडायचं."

"आजी, अगं," वैष्णवी म्हणाली.

"आगं काय आगं? पलीकडचा नवरा-बायकू आख्ख्या आळीला झोपू देत न्हाईत." मग माझ्याकडे वळून, "बाप काय करतो तुजा?"

"फ्लॅट विकतात."

तुळजाबाईंना इतकं हसू आलं की शेंगा मांडीवरून घरंगळल्या. "फ्लॅट इकतो आन् ऱ्हायला माजी खोली? आरं देवा!" हसता हसता त्यांना ठसका लागला. वैष्णवीने पाणी आणलं. पाणी पिऊन, डोळे पुसून त्यांनी एकदम साधं विचारलं, "बरं, घरात कोन कोन?"

आणि मला उत्तर येईना. वक्तृत्वात पहिली आलेल्या मला! त्यांना वाटलं, लपवतेय काही तरी. "खरं सांग गं. मागनं धा मानसं आणायची न्हाईत."

मग मी सांगितलं.

संध्याकाळी घरी गेले तेव्हा साइनाथशेठ सोफ्यावर गुडघे वर करून बसले होते. समोर पेढ्यांचा पुडा. आई चहा गाळत होती. मंगळसूत्र परत बाहेर.

"या या, हुशार पोरगी!" शेठ म्हणाले. "पलंगावर झोपवलंस म्हनं कस्टमरला? आगं पन बुकिंग झालं की! पार्किंग गेलं त्याचं जाऊ दे." मग बाबांकडे वळले. "दत्तप्रसाद, तळमजल्याचं जरा आईक. त्यो फ्लॅट आता सोसायटीच्या हापिसाला द्यावा लागतोय, वकील म्हनतोय. पन तू कशाला घोर करतो? शिवण्याला नवीन साइट काढतोय. सॅम्पल टू बीएचके हाय. एसी बी हाय. तिघं कसे राजावानी ऱ्हाल. दिवाळीनंतर हलायचं."

गाळणं आईच्या हातात तसंच राहिलं. चहा थेंबाथेंबाने ओट्यावर सांडत होता.

मी बाबांकडे बघत होते. आता बोलतील. आता म्हणतील, शेठ, शब्द दिला होतात.

"चालेल शेठ," बाबा म्हणाले. "आपण म्हणाल तसं."

शेठ गेले. बाबांनी टाय काढून गुंडाळला आणि पेढा माझ्यासमोर धरला. मी हात मागे घेतला.

"मला तुमचा पेढा नको. किळस येतेय मला."

"उत्कर्षा!"

"कधीपासून चाललंय हे? सफाईच्या बाई आणि साहेब?"

आईच बोलली. "दोनेक वर्षं झाली असतील. एका बाईला ओला टॉवेल दिसला ना, ती विचारू लागली, इथे राहतं कोण? बाबांच्या तोंडून निघून गेलं. मग ते दर वेळी सोपं वाटत गेलं. देवळात तरी दिवसभर किती बसणार मी?"

"आणि तुला राग नाही आला?"

"यायचा ना बापा." चिडली किंवा थकली की आईची वाशीमची बोली वर येते. एरवी बाबा ती बोलू देत नाहीत, कस्टमरसमोर निघून जाईल म्हणून. "राग आला की फरशी पुसायची मी. म्हणून तर चमकते. पण तू काहून आली आज? तुला कधी कळलंच नसतं."

"मला तरी बरं वाटतं का?" बाबा एकदम म्हणाले. ते पलंगाच्या कडेवर बसले होते, त्या छोट्या पलंगावर ते उगाच खूप मोठे दिसत होते. "शेठना नाही म्हटलं आणि नोकरी, जागा दोन्ही गेलं तर? कुठे जाणार होतो आपण? सांग ना, तू मोठी वक्ता झालीस. कुठे?"

"वैष्णवीच्या आजीच्या खोलीत. गावात."

"त्या पत्र्याच्या?"

"हो, त्याच. उन्हाळ्यात भाजू. संडास चौघांत एक आहे आणि कोंबड्यांचा वास येतो. मला आवडलेली नाही."

"मग?"

आईने ओट्यावरचा चहा पुसला, फडकं पिळलं आणि बाबांकडे न बघता मला विचारलं, "स्वयंपाकाला ओटा आहे का तिथे?"

"नाही. खाली बसून करावं लागेल."

"चालते," आई म्हणाली. नळ बंद केला. "आमच्या घरी खालीच करायचो."

बाबांनी तिच्याकडे बघितलं. तिने मान खाली घातली नाही. मला वाटतं, बाबांना वाटत होतं ती आता तरी म्हणेल, जाऊ दे. ती म्हणाली नाही.

"शेठना काय सांगायचं ते तुम्ही सांगा, बाबा," मी म्हणाले. "मी शिवण्याला येणार नाही. तुळजाबाईंना मी सांगून आलेय, एक तारखेपासून राहायला येतोय. त्यांनी विचारलं घरात कोण कोण. मी सांगितलं, नवरा, बायको आणि त्यांची मुलगी."