दसऱ्याला घेतलेली नावं

नवा ट्रॅक्टर असो नाहीतर इंटरनेटवरचं नाव, आपल्याकडचा माणूस दसऱ्याच्या मुहूर्ताशिवाय त्याला हात लावत नाही. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या सयाजीचा धंदाच असल्या नावांचा. आजऱ्याचे काजूवाले, गूळवाले, चप्पलवाले, ज्याला वेबसाइट हवी त्याचं डोमेन सयाजीनं नोंदवायचं, सांभाळायचं आणि दर साली त्याची मुदत वाढवायची. मुदत चुकली की नाव सुटतं, आणि सुटलेलं नाव उचलायला माणसं टपलेलीच असतात.

दोन सालांमागं सगळ्या गिऱ्हाइकांनी दसऱ्याचाच हट्ट धरला. सयाजी मूळचा भाविक. त्यानं सगळी नावं त्याच दिवशी घेतली आणि ठरवून टाकलं, मुदतही दर दसऱ्यालाच वाढवायची, लॅपटॉपला हळदकुंकू वाहून, आपल्या हातानं. आपोआप मुदत वाढायची सोय होती, ती त्यानं मुद्दाम बंद ठेवली. म्हणायचा, "नैवेद्य काय यंत्रानं दाखवायचा?"

त्यात एक नाव बिनगिऱ्हाइकाचं होतं. मुरगूडचे कीर्तनकार अण्णासो बुवा देवाघरी गेले, तेव्हा सयाजीनं गावोगावच्या श्रोत्यांकडून कॅसेटी गोळा केल्या आणि पदरमोड करून ती कीर्तनं वेबसाइटवर ठेवली. बुवांची एक रीत होती. नमन झालं की वीणेवरचा हात थांबवून विचारायचे, "मागच्या रांगेला पोचतंय का?" मागून "पोचतंय, बुवा" आल्याखेरीज पूर्वरंग पुढं सरकत नसे. कॅसेटीतही ते तसंच राहिलं होतं.

बायको संयोगिता टोमणा मारायची. "गिऱ्हाइकांच्या कामाला टाइम न्हाय, आणि फुकटच्या नावाला रोज आंघोळ. कोण ऐकतंय वो ते?"

"ऐकत आसंल की कोणतरी."

यंदाच्या नवरात्रात सकाळी सयाजी अंबाबाईचं दर्शन घेऊन घरी आला, चपला काढतोय तोवर फोन वाजला.

"पावणं, मी जयसिंगपूरची चिमणाबाई. पहाटं वाती वळताना मी बुवांना ऐकती. काल धरनं बुवा लागंनात, भलतंच पान येतंय. वेबसाइटवर खाली तुमचा नंबर हुता, तो मागंच उतरून ठेवलावता. तुमी बरं हायसा न्हवं?"

"मला काय झालंय, मावशी?"

"न्हाय, म्हटलं, दिव्यात तेल घालणारं माणूसच आजारी पडलं का काय. म्हणून फोन केला. बुवांचं काय, आज न्हाय उद्या लागतील."

सयाजीनं लॅपटॉप उघडला. बुवांच्या नावाची मुदत संपली होती. त्याच्याखाली काजूचं नाव, त्याचीही. गुळाचं, चपलांचं, दुधाचं, त्या दसऱ्याला घेतलेलं एकूणएक नाव लाल झालं होतं. गेल्या साली दसरा लवकर आला, म्हणून निभावलं. यंदा मधे अधिक महिना आला आणि दसरा पुढं गेला. मुदत मात्र इंग्रजी तारखेची, ती जागची हलली नाही. इशाऱ्याचे मेल येत होते, तेही त्यानं "दसऱ्याला अजून अवकाश हाय" म्हणत बाजूला सारले होते.

ज्या कंपनीकडं नावं नोंदवली होती, तिची मुदत संपल्यावरची सवलत मोजक्या दिवसांची. ती उद्या संपत होती. त्यानंतर नावं लिलावात. दसऱ्याची वाट बघत बसला असता, तर लोकांची नावं परक्याच्या दारात उभी राहिली असती.

"आई अंबाबाई," एवढंच तो म्हणाला. मग संयोगिताला हाक मारून सगळं सांगितलं. "आधी काजूवाल्या केरबाकाकांचं करतो. त्यांच्या सगळ्या ऑर्डरी त्याच नावाच्या मेलवर येत्यात."

संयोगितानं पडद्यावरच्या पहिल्या नावावर बोट ठेवलं. "आधी बुवांचं करा," ती म्हणाली. "जिनं जागं केलं, तिलाच ताटकळत ठेवायचं व्हय?"

त्यानं आधी बुवांचं केलं. मग एकेक नाव लालाचं हिरवं होत गेलं. शेवटचं होईपर्यंत संयोगितानं आणलेला चहा गार झाला होता, आणि ती तिथंच बसून होती.

केरबाकाकांना त्यानं फोन करून चूक सांगितली. "आसं व्हय," काका म्हणाले. "मला वाटलं, नवरात्रात गिऱ्हाइकंबी उपासाला बसली." बाकीच्यांनी तर आपली वेबसाइट उघडूनच पाहिली नव्हती. एवढ्या नावांत रोज हाक मारणारं माणूस एकाच नावाला होतं, आणि त्या एका हाकेनं सगळी वाचली. आपण बुवांचं नाव सांभाळतोय अशी सयाजीची समजूत होती. कोण कुणाला सांभाळत होतं, ते आज कळलं. त्यानं हात जोडले, आणि आपोआप मुदत वाढायची सोय सुरू केली. हळदकुंकवाला दसरा होताच.

तिन्हीसांजेला वेबसाइट पुन्हा लागली. त्यानं जयसिंगपूरला फोन लावला. "मावशी, बुवा आलेत बघा. आणि मावशी, तुमचं लई उपकार झालं."

"माझं कसलं उपकार? मी नुसती ऐकत बसती."

"तेच की."

त्यानं लॅपटॉपवर कीर्तन लावून फोन जवळ धरला. वीणा वाजली, नमन झालं, हात थांबला.

"मागच्या रांगेला पोचतंय का?"

"पोचतंय, बुवा," पलीकडून चिमणाबाई म्हणाली. दारात उभ्या संयोगितानं डोक्यावर पदर घेतला आणि ती खाली बसली.