गळणारं छप्पर

गेणबानं घातलेल्या छपरातून थेंब गळाला, असं निरवांगीत कुणी सांगून दाखवावं! पण आता गावभर पत्रा नि स्लॅब. दहा वर्षांत म्हाताऱ्याला कुणी हाक मारली नव्हती. म्हणून बारामतीच्या रिबकाबाईंचा मांडव शाकारायला फोन येताच गडी पुतण्याच्या टेम्पोत उसाचं हिरवं वाढं, शेंड्यांचा पाला, भरून निघालासुद्धा.

बाई निवृत्त शिक्षिका, आणि तिथलं छोटं सिनेगॉग त्याच सांभाळायच्या. कोकणातून आलेल्या चार ज्यू घरांनी पणजोबांच्या काळी बांधलेलं ते प्रार्थनाघर. दरवर्षी त्यांच्या एका सणाला अंगणात सात दिवस मांडव लागतो, वर हिरवा पाला. बाईंचा नवरा होता तोवर तोच घालायचा.

बाई पुण्याहून पाहुणे घेऊन येईपर्यंत गेणबानं पेंढ्या आवळून असं छप्पर शाकारलं की बस्स! वर बादली ओतून दाखवली. खाली ठिपकासुद्धा नाही.

बाईंनी वर पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "आबा, ह्यातून चांदण्या दिसायला हव्यात."

"आँ? मग त्याला छप्पर कशाला म्हनायचं?" म्हातारा भडकलाच. "जलमभर गळती बुजवली म्या. आता भोकं पाडू व्हय?"

"आमचे पूर्वज गुलामीतून सुटल्यावर चाळीस वर्षं रानोमाळ असल्याच झोपड्यांत राहिले, आबा. त्यांना छपरानं नाही, देवानं सांभाळलं. ते विसरू नये म्हणून पक्कं घर सोडून इथं जेवायचं. सावली उन्हापेक्षा जास्त हवी, तरी आभाळ दिसायला हवं. आणि दिवस मावळला की कामाला हात लावायचा नाही."

सूर्य कलला होता. निघून जावं, असं गेणबाला फार वाटलं. पण गेणबाला जमलं नाही, असं उद्या कुणी म्हणालं तर? पुटपुटत तो शिडी चढला, पेंढ्या सोडल्या, पात अन् पात मोकळी केली. दाट झालं की आभाळ जाई, विरळ झालं की सावली. इतकं अवघड काम त्यानं उभ्या जन्मात केलं नव्हतं.

बाईंनी दिवे लावले तेव्हाच तो उतरला. प्रार्थना झाली, अंधारलं, आणि पाहुण्यांनी त्यालाही मांडवात ओढून बसवलं. त्यानं मान वर केली. वाढ्यातून एक चांदणी लुकलुकली, मग दुसरी. पुनव होती. त्याच्या हातच्या छपरातून पहिल्यांदाच काहीतरी गळत होतं. ताटात, मांडीवर, सुरकुतल्या हातांवर चांदणं सांडलं होतं. ते हात आपोआप जोडले गेले. एवढं सगळं आपण जन्मभर झाकत आलो, असं वाटून त्याला भरून आलं.

"फार त्रास दिला, आबा," बाई म्हणाल्या. "पुढच्या वर्षी आम्हीच घालू."

"काय बोलता, बाई!" गेणबाची मान अजून वरच होती. "पेंढी कुनीबी बांधंल. ही भोकं तुमाला जमायची न्हायती."