आवाज न करणारा कूलर

मी एक कूलर बोलतोय. खिडकीत बसून खोलीभर गार वारा आणि पाण्याचे तुषार उडवणारा नव्हे हं! तो आमचा लांबचा चुलता. मी राहतो संगणकाच्या पोटात, प्रोसेसरच्या डोक्यावर. प्रोसेसर विचार करतो आणि विचार करून करून तापतो. ते तापलेलं डोकं शांत ठेवणं हा माझा जन्माचा उद्योग.

माझा जन्म एका कारखान्यातला. आधी तांब्याचा चकचकीत तळ, त्यातून वर निघालेल्या वाकड्या तांब्याच्या नळ्या, त्या नळ्यांवर दाटीवाटीने ओवलेले ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे आणि त्यांच्यामध्ये एक पंखा. रंग मातकट, अंग थोराड. देखणेपणाच्या नावाने आनंदच! पण ज्याला रूप दिलं नाही त्याला निसर्ग गळा देतो म्हणतात. मला नेमका गळाही दिला नव्हता. माझा पंखा फिरायचा, पण आवाज म्हणून करायचा नाही.

दुकानात माझ्या शेजारी पाण्यावर चालणारे कूलर बसायचे. काचेच्या खोक्यात, लाल-निळे दिवे मिरवत. गिऱ्हाइकं त्यांच्याकडे बघायची आणि त्यांच्याकडे बघून झालं की निघून जायची. मला कोणी उचललंच तर "बापरे, काय जड आहे!" म्हणून परत ठेवून द्यायची.

एके दिवशी ती आली. घरी बसून इमारतींचे नकाशे काढून देणारी बाई. केस वर बांधलेले, खांद्याला पिशवी, हातात मोजपट्टी.

"प्रोसेसर ओव्हरक्लॉक करायचाय," ती दुकानदाराला म्हणाली. "ठरलेल्या वेगापेक्षा जोरात पळवायचाय. चांगला कूलर दाखवा."

दुकानदाराने लगेच दिवेवाला काढला. "हा घ्या ताई. पाण्याचा आहे. डोळे मिटून घ्या."

"डोळे मिटूनच घेणारे," ती म्हणाली. "चालू करून दाखवा. मला ऐकायचाय."

"कूलर कोणी ऐकतं का, ताई?"

तरी बिचाऱ्याने तो चालू केला. तिने खरोखरच डोळे मिटले आणि कान जवळ नेला. पाणी फिरवणाऱ्या पंपाची बारीक भुणभुण येत होती. तिने मान हलवली. दुसरा, तिसरा, सगळ्यांची तीच गत. शेवटी तिचं बोट माझ्याकडे वळलं. दुकानदाराने मला वायर जोडली. ती बराच वेळ ऐकत राहिली.

"चालू केलाय ना?"

"फिरतोय की! बघा."

मग तिने मोजपट्टीने माझी उंची घेतली, पिशवीतल्या कागदावरच्या आकड्याशी ताडून पाहिली आणि हसली. "संगणकाचा डबा जेमतेम बंद होईल. पण होईल. द्या हा."

मुलगी बघायला आल्यासारखे लोक येऊन जायचे, पण मला पसंत केलं ते या एका बाईने, तेही माझ्या मुकेपणासाठी. का, ते मला घरी गेल्यावर कळलं.

घरात तिघं होती. ही धाकटी बहीण, तिचा थोरला भाऊ आणि वहिनी. दादा घाऊक भाजीबाजारात लिलाव पुकारायचा. माणूस आडदांड आणि आवाज त्याहून आडदांड. बाजाराच्या या टोकाला त्याने "एक वार!" म्हटलं की त्या टोकाच्या हमालाची मान वळायची. त्याच दादाच्या गळ्यात गाठ निघाली होती. जीव वाचेल, पण स्वरयंत्र काढावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. शस्त्रक्रियेची तारीख जवळ येत होती.

धाकटीने मनाशी एक ठरवलं होतं. दादाचं बोलणं ध्वनिमुद्रित करायचं आणि संगणकाला त्याचा आवाज शिकवायचा. म्हणजे पुढे दादाने अक्षरं टाइप केली, की संगणक ती त्याच्याच आवाजात बोलेल. हे शिकवणं म्हणजे अफाट आकडेमोड. संगणक जुना आणि दिवस थोडे. म्हणून प्रोसेसर पळवायचा. आणि शांत खोली घरात एकच, तीच संगणकाची. एकीकडे दादा माइकसमोर बोलणार, त्याच वेळी दुसरीकडे संगणक आदल्या दिवशीच्या बोलण्यावर घाम गाळणार. कूलर गुणगुणला, तर त्याची गुणगुण दादाच्या गळ्यात कायमची जाऊन बसणार. तेव्हा तापही निवला पाहिजे आणि हूं की चूं होता कामा नये. एवढा विश्वास माझ्यावर आजवर कोणी टाकला नव्हता.

आणि पहिल्याच दिवशी मी तोंडघशी पडलो.

तिने मला बसवलं, स्क्रू आवळले, संगणक चालू करून वेग थोडासा वाढवला. बघता बघता तापमान नव्वदीच्या पुढे गेलं आणि संगणकाने मान टाकली. पुन्हा चालू, पुन्हा तेच. माझा पंखा जीव खाऊन फिरत होता, पण माझे पत्रे थंडगार! खालचा प्रोसेसर भाजून निघत होता आणि त्याची ऊब माझ्यापर्यंत पोचतच नव्हती. कारण मला ठाऊक होतं. पण मुक्याने सांगावं कसं?

"निवडच चुकली," ती भिंतीला टेकून खाली बसली. "दिवेवालाच घ्यायला हवा होता. वहिनी, मी दादाचे दिवस फुकट घालवले गं."

वहिनी दारात उभी होती. "दिवस कसले फुकट जातात? रडू नको. उतरव तो, बघू तरी."

धाकटीने डोळे पुसत स्क्रू सोडवले आणि मला उलटं केलं. वहिनी वाकून बघायला लागली. "हा प्लास्टिकचा पापुद्रा आतच ठेवायचा असतो का गं? वर काहीतरी लिहिलंय बघ."

माझ्या तळाला चिकटवलेला तो पारदर्शक पापुद्रा! त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'बसवण्यापूर्वी काढा.'

धाकटी इतकी हसली की दादा काय झालं म्हणून धावत आला. "इमारतींचे नकाशे काढतेस ना, चिमणे?" तो म्हणाला. "लोक आत राहायला जातात, तेव्हा देव आठवत असतील!"

पापुद्रा निघाला. प्रोसेसरवर उष्णता वाहून नेणारी वाटाण्याएवढी पेस्ट पडली. या खेपेला माझा तळ त्याला टेकला आणि त्याची ऊब माझ्या नळ्यांतून वर चढली. त्या क्षणी मी खरा कूलर झालो.

धाकटी वेग वाढवत गेली. पहिली पायरी, दुसरी पायरी. हाव सुटली. आणखी एक पायरी चढली आणि संगणक अडखळायला लागला. मधूनच आकडे चुकायचे, केलेलं काम पुसलं जायचं. ती तरी हट्टाला पेटलेली.

दादा मागे येऊन उभा राहिला. "चिमणे, लिलावात बोली चढवणं कोणालाही जमतं. 'तीन वार' म्हणून बोली कधी थांबवायची, ते कळायला हवं. जास्त ताणलं की गिऱ्हाईक पळतं आणि माल सडतो."

"पण दादा, वेळ कमी आहे रे."

"म्हणून तर म्हणतो."

तिने वेग एक पायरी खाली आणला. संगणक एका लयीत चालू लागला आणि मीही.

पण खरी अडचण पुढेच होती. माइकसमोर बसला की दादा पार शाळकरी पोर व्हायचा. "आज... हवा... छान... आहे," असं तो धडा वाचल्यासारखं वाचायचा.

"अरे, हा तू नाहीस," धाकटी कपाळाला हात लावायची. "हे ऐकून वहिनी कोण परका माणूस घरात घुसला म्हणेल."

वहिनीने ते ऐकलं. ती खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली. "अहो, मी काय म्हणते, उद्यापासून फ्लॉवर तुम्ही आणू नका. तुम्हाला पारख नाही."

"मला?" दादा ताडकन सरळ झाला. "मला फ्लॉवरची पारख नाही? अगं, आंधळ्याने हात लावला तरी—"

"कालचा किडका होता."

"किडका? दाखव! आत्ता दाखव!"

झालं! त्या दिवशी दादा फ्लॉवरवरून भांडला, पंख्याच्या बटणावरून भांडला, सासुरवाडीच्या जुन्या लग्नातल्या मानपानावरून भांडला. मध्येच हसला, मध्येच हळवा झाला. धाकटीने ध्वनिमुद्रणाचा लाल दिवा चालू ठेवला होता. शेवटी वहिनीने "टोमॅटोची बोली लावा बघू" म्हटलं आणि त्याने असा पुकारा केला की माझे पत्रे थरथरले. वहिनी उठून पाणी आणायला गेली आणि बराच वेळ आली नाही.

शस्त्रक्रियेपर्यंत रोज हाच कार्यक्रम. दादा दवाखान्यात गेला, त्यानंतरही संगणक थांबला नाही. धाकटी येऊन डब्यावर हात ठेवायची. "टिकून राहा रे बाबा," म्हणायची. माझा पंखा फिरत राहिला.

दादा घरी आला तो गळ्याला पट्टी बांधून. अंगाने अर्धा झालेला, नजर चुकवणारा. धाकटीने त्याला कीबोर्डसमोर बसवलं. मग एका बोटाने त्याने काहीतरी टाइप केलं.

"अगं ए, ऐकतेस का?"

स्वयंपाकघरातली भांड्यांची खळखळ थांबली. खोलीत तोच आवाज होता, भरदार, थोडासा दटावणारा. त्याच्यामागे भुणभुण नव्हती, घरघर नव्हती. वहिनी बाहेर आली नाही. आतूनच, घसा साफ करत म्हणाली, "ऐकतेय. बहिरी नाही मी. ओरडू नका."

दादाचे खांदे हलायला लागले. तो हसत होता की रडत होता, हे मला डब्यातून दिसलं नाही.

सगळंच जमलं असं नाही. यंत्राला दादासारखं बोलता येतं, हसता येत नाही. लिलावातही एकदा तो फोन आणि छोटा स्पीकर घेऊन गेला; पण शब्द टाइप होईपर्यंत बोली तीनदा चढून जायची. आता पुकारा दुसरा माणूस करतो आणि दादा मालाची प्रत ठरवतो. तक्रार करत नाही, पण बाजारातून आल्यावर थोडा वेळ एकटा बसतो.

आज माझं वय झालंय. पत्र्यांत धूळ साठलीय, पंखा सुरू होताना जरा कुरकुरतो. परवा धाकटी म्हणालीच, "दादा, हा संगणक काढून टाकूया. आवाज तर आता तुझ्या फोनवरही चालतो. आता तर याहून कितीतरी चांगले कूलर निघालेत."

दादाने तिच्याकडे पाहिलं आणि टकटक सुरू केली. खोलीभर त्याचा आवाज घुमला, "हात लावून तर बघ!"

मग त्याने स्वतः डब्याची बाजू उघडली, रंगाचा मऊ ब्रश आणला आणि जिभेचं टोक ओठांत धरून माझा एकेक पत्रा साफ करायला घेतला.

वाचकहो, कूलर निवडायचा झाला तर दिव्यांना भुलू नका, डब्यात मावेल का ते पाहा, जरा कान देऊन ऐका आणि हो, तळाचा पापुद्रा तेवढा काढा. आणि घरातलं कोणी फ्लॉवरवरून भांडत असेल तर लगेच "पुरे" म्हणू नका. भांडू द्या. जमलं तर ध्वनिमुद्रण चालू ठेवा.

आता रजा घेतो. ब्रश मधल्या पत्र्यांपर्यंत आलाय आणि मला गुदगुल्या होताहेत.